चौथी सीट

दुपारची कल्याण स्लो. डबा रिकामा होता, म्हणजे पाय ठेवायला जागा होती. खिडकीशी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होती, मधली मोबाइलवर मालिका बघत होती, तिसरी मी. कुर्ल्याला एक मुलगी चढली, आमच्या बाकाशी उभी राहिली आणि हाताचा पंजा हवेत जरासा हलवला. तेवढ्यावर आम्ही तिघी सरकलो. मटारवालीने मानही वर केली नाही. मुलगी टेकली आणि म्हणाली, "थँक्यू."

या थँक्यूचं मला वावडं आहे. चौथ्या सीटवर बसून आभार कसले मानायचे? फार तर "कुठे उतरणार?" असं विचारावं. आणि बसून मिळतं तरी काय? एका ढुंगणावर तोल, एक पाय वाटेत रोवलेला, गाडीने रूळ बदलला की दांड्याला हात. रेल्वेने बाक केलं तिघांचं, चौथी जागा मुंबईकरांनी काढली. मेट्रोत बाकं डब्याच्या कडेने लांबच्या लांब, तिथे चौथं असं कोणी नसतंच. म्हणून मेट्रोत मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

थँक्यू ऐकून अण्णा हसले असते. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली, कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, नोकरी, गाव मालवणकडचं. आम्ही डोंबिवलीला. मे महिन्यात बाबा मला लालबागला सोडायचे आणि रविवारी अण्णा मला व्ही.टी.ला फिरायला न्यायचे. परतीच्या गाडीत आम्हाला हमखास खिडकी मिळायची, कारण गाडी थांबायच्या आत अण्णांचा रुमाल सीटवर पडलेला असायचा. एकदा खिडकी मिळाली की ते आजूबाजूला बघायला लागत. मशीद बंदरला कोणी पोतं घेऊन चढलं, भायखळ्याला कोणी पोर कडेवर घेऊन चढलं, की खिडकीतून हुकूम सुटायचा, "ओ, सरका जरा, माणूस उभो आसा!" समोरचा शेठ गुजराती असो की भय्या असो, अण्णा मालवणीच बोलत आणि तो बिचारा सरकतही असे. आम्हाला उतरायचं असायचं चिंचपोकळीला, दहा मिनिटांवर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतः खिडकीशी बसून लोकांना सरकवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

घरी तेच. परळला केईएम आणि टाटा, त्यामुळे गावचं दुखणं आधी अण्णांच्या दारात येई आणि मग डॉक्टरकडे जाई. कोणाची गाठ, कोणाचा मुतखडा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. पेशंट आत खाटेवर, त्याच्यासोबतचे दोघे पोटमाळ्यावर, अण्णा आणि चुलतभाऊ गॅलरीत, काकी मोरीच्या कठड्याला डोकं लावून. रात्री पाणी प्यायला उठायचं तर आधी आखणी करावी लागे, कोणाच्या पायावरून आणि कोणाच्या डोक्यावरून. सकाळी तिसऱ्या पाळीचा कोणी गाववाला आला की नुकत्याच उठलेल्याच्या ऊबदार वळकटीत शिरायचा. थोरला चुलतभाऊ एसएससीचा अभ्यास जिन्यात दिव्याखाली करायचा. त्याला साठ टक्के पडले. जिना नसता तर किती पडले असते, हा विषय त्या घरात अजून निघतो.

शिवाय काकीची खानावळ होती. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले दहा-बारा गिरणी कामगार दोन वेळा जेवायला यायचे. लालबाग-परळात अशा खानावळवाल्या कितीतरी बायका होत्या. 1975 साली त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं, प्रेमाताई पुरवांनी काढलं. काकी तिथून कर्ज घेऊन मोठी पातेली घेऊन आली होती. त्या पातेल्यांकडे ती अजून अभिमानाने बघते, फक्त पातेल्यांकडेच.

18 जानेवारी 1982. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईच्या गिरण्यांतली अडीच लाख माणसं संपावर गेली. अण्णाही. महिना, दोन महिने, पावसाळा. खानावळीतल्या मेंबरांचे पगार बंद, म्हणजे काकीचे पैसे बंद. शहाणा माणूस तेव्हा खानावळ बंद करतो. अण्णांनी एक लाल वही आणली आणि उधारी लिहायला घेतली. "संप संपल्यार देतील मा." मेंबर जेवत राहिले, वही भरत राहिली, आणि मग एकेक करून ते गावी गेले. काही बिचारे सांगून, काही न सांगता. वहीतला पैसा परत आला नाही. अण्णांनी त्या वहीच्या कोऱ्या पानांवर पुढे लोकलच्या वेळा लिहून ठेवल्या.

गिरणी गेल्यावर त्यांनी काय काय केलं ते सांगायला बसले तर यादीच होईल. कांदे-बटाट्याची हातगाडी, छत्री दुरुस्ती, शेवटी एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन. रडले असतील तर जिन्यात रडले असतील, आम्हाला दिसले नाहीत. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि अण्णांना या गोष्टीचा भारी आनंद होता. सत्तरी उलटल्यावरही कोणी विचारलं, "काय करता हल्ली?" की उत्तर ठरलेलं, "मी अजून संपारच आसंय!" गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले तेव्हा चाळीतल्या अर्ध्या माणसांचे अर्ज त्यांनी भरून दिले, मेलेल्यांच्या बायकांना हाताला धरून रांगेत नेऊन उभं केलं, आणि स्वतःचा अर्ज शेवटी भरला. 2012ला पहिली सोडत निघाली. त्यांचा नंबर लागला नाही. शेजाऱ्याचा लागला, तर पेढे यांनीच वाटले.

अशा माणसाबद्दल लिहायला लागलं की हात आपोआप जोडले जातात, आणि तिथेच मला काकीचा आवाज ऐकू येतो. अण्णांच्या दिवसकार्याला एक लांबचे नातेवाईक गहिवरून म्हणाले, "कर्ण होता कर्ण." काकी भाकऱ्यांचं पीठ मळत होती. म्हणाली, "होय तर. दान त्याचां, भाकऱ्यो माझ्यो." सगळे हसले. ती हसली नाही.

तिचं खरंच आहे. लोकांसाठी जागा करताना अण्णा स्वतः सरकत होते, पण त्यांच्याबरोबर न विचारता काकीही सरकत होती, तो जिन्यात बसलेला मुलगाही. 1998ला कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा सगळा सिंधुदुर्ग आनंदला. काकीने फक्त विचारलं, "म्हणजे आता रात्रीत पोचतले?" तरीही आलेल्याला उपाशी पाठवल्याचं मला आठवत नाही. ताट वाढताना भांडी जरा जोरात वाजायची, एवढंच. अण्णांना ती वाजणारी भांडी ऐकू येत नव्हती की ऐकायची नव्हती, हे मला अजून उमगलेलं नाही. मी विचारणारही होते. मग ते गेलेच.

आता काकी थोरल्याकडे बदलापूरला असते. वन बीएचके, हॉलमध्ये खिडकीशी तिची लोखंडी खाट. त्या खाटेवर कोणी बसायचं नाही असा तिचा नियम आहे. नातवंडं नाही, सून नाही, मीसुद्धा नाही. मागच्या खेपेला मी सवयीने टेकायला गेले तर ती पाय आणखी लांब करून म्हणाली, "ती खुर्ची ओढ."

मी खुर्ची ओढली.