एकही दगावली नाही, असं म्हणतात

"ताई, तुमच्या आईच्या हातून म्हणे एकही बाळंतीण दगावली नाही. खरं का?"

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारलाय, नेवाशाच्या एसटी स्टँडवर विचारलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड वासून बसलेली असताना विचारलाय. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. नुसती मान डोलावली की भागतं. मी मात्र 'नाही' म्हणते, समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि मग अर्धवट काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आई नर्सबाई होती. सरकारी कागदावर एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी सहायक परिचारिका, गावात 'सिस्टरबाई'. आमची मंडळी महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, पुढं वडाळा, राहुरी अशा ठिकाणी त्यांचं काम पसरलं, आणि मिशनच्याच एका शाळेत माझी आजी अक्षरं गिरवायला शिकली. आई तिच्या पुढं गेली, थेट मिरजेला. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उघडलेल्या मिशन इस्पितळात तिनं नर्सिंग केलं, बाळंतपणाचं शिक्षण घेतलं, आणि येताना एक वेड घेऊन आली. हात धुण्याचं.

बांगड्या काढून ठेवायच्या, घड्याळ पदराला पिनेनं अडकवायचं, कोपरापर्यंत साबण लावायचा, नखं ब्रशनं घासायची आणि मग हात वर धरून वाळेपर्यंत तसंच उभं राहायचं. कुणी आदबीनं पंचा पुढं केला की खेकसायची. आत बाई कळा देतेय, बाहेर माणसं येरझाऱ्या घालतायत आणि ही आपली हात धुतेय, हे बघून सासवांचा जीव खालीवर व्हायचा. कात्री आणि नाळ बांधायचा दोरा ती ॲल्युमिनियमच्या एका डब्यात उकळायची. तो डबा घरात वेगळ्या फळीवर असे, त्याला हात लावला की पाठीत धपाटा. लोक म्हणत, बाईंच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, "गुण साबणाला आहे."

तिच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात नाळ विळ्यानं कापत, वर राख नाहीतर शेण लावत. आठवड्याभराचं चांगलं मूल अंगावर प्यायचं बंद व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ पडायचं. घरचे म्हणायचे, बाहेरचं झालं. तो धनुर्वात होता. बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर तो थांबतो हे सांगत ती वाडीवाडीवर फिरली. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं ते २०१५ साली. तोवर आई राहिली नव्हती.

गावात आधीपासून एक सुईण होती, मांगवाड्यातली. सगळे तिला मावशी म्हणत, आईही मावशीच म्हणे. दोघींचं हाडवैर होईल असं लोकांना वाटलं होतं. आईनं मावशीला ब्लेड, दोरा आणि साबण दिला आणि तिच्याकडून घेतलं ते दम धरणं. मिरजेत बाई टेबलावर आडवी असायची. मावशी बाईला चालवायची, उकिडवी बसवायची, कंबर चोळून द्यायची, आणि वेळ होण्याआधी 'जोर कर, जोर कर' म्हणून कधी ओरडायची नाही. निम्मं बाळंतपण मी मिरजेत शिकले आणि निम्मं मांगवाड्यात, असं आई निवृत्तीच्या निरोपसमारंभातही म्हणाली. व्यासपीठावरच्या साहेबांना ते फारसं रुचलं नाही.

या प्रश्नाला जोडून हळू आवाजात दुसरा येतो. तुम्ही ख्रिस्ती, मग लोक घरात घेत का? काही घरांत मागच्या दारानं घेत. तिच्या हातात बाळ द्यायला हरकत नसे, पाण्याचा तांब्या द्यायला असे. ती गेल्यावर घर सारवलं जाई. आई यावर कधी बोलली नाही. आम्हीच मोठे झाल्यावर विचारून विचारून काढून घेतलं. धर्म वाढवायला येते, असंही कुणी कुणी म्हणे. बाळंतपणाला बसताना तिचे ओठ हलायचे तेवढे हलायचे. त्याच वेळी सासू खंडोबाला नवस बोलत असायची. दोघी एकमेकींच्या आड येत नसत.

पंचाईत व्हायची ती देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, आमच्याच लोकांची. पाचवीला बाळंतिणीच्या घरी सटवाई पुजतात आणि आईला त्या जेवणाचं बोलावणं हटकून असे. ती जायची, ओसरीवर बसून जेवायची. पूजेला हात जोडायची नाही, पण उठूनही जायची नाही. एकदा पाळकसाहेबांनी हटकलं तेव्हा म्हणाली, "मी नाळ बघायला जाते, साहेब." आणि ते खरंच होतं. पाचव्या दिवशी नाळ सुकत आलेली असते. ती पिकलीय का, बाळंतिणीला ताप आहे का, अंगावरून किती जातंय, हे सगळं त्या दिवशी जेवता जेवता कळतं. बोलावणं आयतं आलेलं, मग ते कशाला सोडायचं?

महिला मंडळात बोलायची पाळी आली की तिचा शास्त्रपाठ ठरलेला. बायबलातलं निर्गम, पहिला अध्याय: मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, सुइणी, शिप्रा आणि पुवा. इब्री, म्हणजे यहुदी, बायकांचे मुलगे जन्मताच मारा, असा राजाचा, फारोचा, हुकूम. या दोघींनी तो पाळला नाही. राजानं जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आतच मोकळ्या होतात. आई डोळे मिचकावून म्हणे, "बघा, शास्त्रात फारोचं नाव दिलेलं नाही, सुइणींची दोन्ही दिलीत. आणि त्या खोटं बोलल्या तरी देवानं त्यांचं भलं केलं." ही सवलत ती सढळ हातानं वापरायची. सासू सुनेला तालुक्याला पाठवेना की सांगायची, "डॉक्टरसाहेबांनी लेखी कळवलंय, नाही नेलं तर मला जाब द्यावा लागेल." डॉक्टरसाहेबांना त्या घराचा पत्ताही नसे.

आता मूळ प्रश्न.

१९७८चा पावसाळा, मी नववीत होते. नदीपलीकडच्या वाडीवरून रात्री माणूस आला. चौथी खेप. मूल सुखरूप झालं, वार पडली, पण गर्भपिशवी आवळेना. बाळंतपणानंतर रक्त जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. आईनं पिशवी आवळायचं मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं, पोटावरून पिशवी चोळत राहिली, लघवी काढली, बाळ छातीला लावलं, पायाखाली उशा घातल्या. तिच्या हातातलं होतं ते सगळं केलं. पुढं लागतं ते रक्त, आणि ते शहरात. अशी बाई दोन तासांत जाऊ शकते. बैलगाडी नदीच्या उतारापर्यंत आली आणि पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली. बाई गाडीतच गेली.

आई उजाडताना घरी आली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, चूल पेटवलेली होती. ते मिशनच्या शाळेत मास्तर, आम्हा चौघा भावंडांच्या भाकरी बऱ्याचदा त्यांनीच थापलेल्या. त्यांनी तिच्या पुढ्यात गरम पाणी ठेवलं. तिनं आधी पिशवीतलं सामान धुतलं, मग मॅकिंटॉश धुतलं, म्हणजे बाळंतपणाला अंथरायचं ते रबरी कापड, आणि मग स्वतःचं लुगडं. त्या रविवारी ती उपासनेला आली, पण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नाही. ताट पुढं आलं तसं तिनं शेजारणीकडं सरकवलं.

ती बाई पांढरीफटक होती, हे आईच्या मनातून गेलं नाही. अंगात रक्त भरपूर असलेली बाई अर्धा-पाऊण लिटर गेलं तरी तगते, रक्त कमी असलेलीला तेवढंही झेपत नाही. तेव्हापासून आईनं बायकांच्या पापण्या ओढायला सुरुवात केली. बाजारात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, दिवस गेलेली बाई दिसली की अंगठ्यानं खालची पापणी ओढायची आणि आत लाल आहे का फिकट, ते बघायची. लग्नात वरमाईची सुद्धा ओढलीय. फिकट दिसली की दुसऱ्या दिवशी लोहाच्या गोळ्या घेऊन दारात. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका त्या उकिरड्यावर फेकत. हे तिला ठाऊक होतं, म्हणून समोर उभी राहून गिळायला लावायची, वर लिंबू पिळलेलं पाणी द्यायची आणि चहा दोन तास बंद म्हणून बजावायची. लाडीगोडी नव्हती तिच्याकडे. दारात दिसली की बायका मागच्या परड्यात पळायच्या.

आणखी एक बाई होती, तिच्या नोकरीच्या सुरुवातीची. तिच्याबद्दल आईनं एवढंच सांगितलं की ती होती.

मग 'एकही नाही' कुठून आलं? आईच्या अंत्यविधीला, २०११ साली, पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं. ते नवीन होते, कुणीतरी ऐकीव सांगितलेलं त्यांनी भक्तिभावानं मांडलं. लोकांनी माना डोलावल्या. मंडपात मागच्या रांगेत त्या रात्री जन्मलेला मुलगा बसला होता, तेव्हा तेहतीस वर्षांचा. त्याच्यासमोर सांगितलं गेलं की त्याची आई मेलीच नाही. मला तिथंच उठून बोलायला हवं होतं असं भाऊ म्हणतो. मला नाही वाटत, ती जागा नव्हती. पण तेव्हापासून कुणी विचारलं की मी 'नाही' म्हणते. आईची थोरवी त्यानं कमी होत असेल तर होऊ दे. महाराष्ट्रात लाख जन्मांमागे मरणाऱ्या मातांचा आकडा २०१८-२० च्या पाहणीत ३३ होता, देशाचा ९७. रस्ते झाले, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, रक्तपेढ्या आल्या, तरी शून्य नाही. मग कंदिलाच्या उजेडात काम केलेल्या बाईच्या नावावर शून्य कशाला चिकटवायचं?

तो मुलगा आमच्याकडे येऊन-जाऊन होता. आई निवृत्त झाल्यावर, २००४च्या सुमाराला, बायकोला सातवा महिना लागला तसा तिला मोटारसायकलवर घेऊन आला. म्हणाला, "बाई, हिचे डोळे बघा." आईनं पापणी ओढली आणि काही न बोलता चप्पल पायात घातली. तिघंही ग्रामीण रुग्णालयात गेली. हिमोग्लोबिन सातच्याही खाली निघालं. नगरला नेऊन तिला रक्त चढवलं, पुढं बाळंतपणही तिथंच झालं, मुलगी झाली. आईनं त्यात हात घातला नाही, तिचा तो काळ सरला होता. पाचवीचं बोलावणं मात्र आलं. ती गेली, ओसरीवर बसून जेवली, नाळ बघितली, आणि बाळाला घुट्टी कोण पाजतंय यावरून त्याच्या आत्याशी कडाकडा भांडून संध्याकाळच्या एसटीनं घरी आली.