मूकपटातली माणसं एवढी लगबगीनं का चालतात?

जुना मूकपट लावला की पहिलं हसू येतं ते चालण्याला. राजा असो, भिकारी असो, प्रेतयात्रा असो, सगळे शेवटची एसटी चुकणार असल्यासारखे तुरुतुरु चालतात. दोष त्या माणसांचा नाही, बहुतेक वेळा कॅमेऱ्याचाही नाही. फिल्म चुकीच्या वेगानं चालवलेली असते, आणि हे घरबसल्या, एक पैसाही न घालता बरंचसं दुरुस्त करता येतं.

आधी थोडं गणित. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, असतात. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ८ फ्रेम सरकत. सेकंदाला दोन फेरे मारले की १६ फ्रेम, म्हणजे बरोबर एक फूट. हजार फुटांचं रीळ या वेगानं १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. बोलपट आले तेव्हा २४ हा आकडा पक्का झाला, कारण वेग जरा हलला की आवाज चिरकतो किंवा घोगरा होतो. मूकपटाला ही अडचणच नव्हती. वेग कॅमेरामनच्या हातात होता आणि थेटरात ऑपरेटरच्या.

‘राजा हरिश्चंद्र’चंच घ्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात लागलेला हा चित्रपट ३,७०० फुटांचा होता. त्याची लांबी जिथं तिथं ४० मिनिटं लिहिलेली सापडते. ३,७०० फूट २४ च्या वेगानं ४१ मिनिटांत संपतात. १६ च्या वेगानं जवळपास ६२ मिनिटं लागतात. फाळक्यांचा विल्यमसन कॅमेरा हँडलचा होता. तेव्हा ४० मिनिटं हा बोलपटांच्या हिशेबानं काढलेला आकडा दिसतो. तो बिनदिक्कत उतरवून घेणं थांबायला हवं.

आता तुमच्या पडद्यावरच्या प्रतीकडे वळू. ती मुळात सुधारलेली आहे की नाही हे आधी पाहा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ‘ई’ची कळ दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते, यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबायची. एका सेकंदात वेगवेगळी चित्रं किती येतात ते मोजा. चोवीसच्या चोवीस वेगळी असतील तर कुणी हात लावलेला नाही. वेगळी चित्रं अठराच निघाली आणि अधूनमधून तेच चित्र दोनदा येत असेल, तर १८ चा वेग आधीच बसवलेला आहे. दर तीन फ्रेममागे एक पुन्हा छापून चोवीस भरलेल्या असतात. अशी प्रत पुन्हा हळू केली तर माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतील. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र किंचित ठेचकाळतं, तेही याच दुहेरी फ्रेममुळे.

सुधारलेली नसेल तर ०.७५ पट वेग ठेवला की १८ मिळतात, ०.८३ ला २० आणि ०.६७ ला १६. जोडलेलं संगीतही मंदावतं, ते सरळ बंद करा. तसंही ते बहुधा कुणी नंतर चिकटवलेलं असतं.

पण नेमका कुठला वेग? पडणारी वस्तू शोधा. गुरुत्वाकर्षण त्या काळीही आजच्याइतकंच होतं. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून काही पडलं तर जमिनीला टेकायला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. वेगळ्या फ्रेम मोजून सहा भरल्या तर कॅमेरा १६ च्या आसपास फिरत होता, नऊ भरल्या तर २४ च्या. काहीच पडत नसेल तर धूर, पाणी किंवा खुर्चीत बसणारा माणूस पाहा.

यात एक मेख आहे. चित्रीकरणाचा वेग आणि दाखवायचा वेग एकच असेल असं नाही. थेटरात फिल्म बऱ्याचदा थोडी जलदच चालवत. जादा खेळ बसवायचा असेल तर ऑपरेटर आणखी घाई करी. फार हळू चालवायचीही सोय नव्हती: तेव्हाची ज्वालाग्राही नायट्रेटची फिल्म प्रोजेक्टरच्या आर्क दिव्याच्या उष्णतेसमोर रेंगाळली की पेट घेई. म्हणून मोजून १६ आले तर १८ वर पाहून बघावं, डोळ्याला पटलं तर तेच ठेवावं.

विनोदी चित्रपटांत तर हे गणित मुद्दाम मोडलेलं असतं. पाठलाग आला की कॅमेरामन १२-१४ वर हँडल फिरवी, म्हणजे पडद्यावर धावाधाव दुप्पट वाटावी. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीच्या पोलिसांची सगळी गंमत त्यावर उभी आहे. पाठलागाचा वेग ‘नैसर्गिक’ करायला जाल तर विनोद मेला. वेग ठरवायचा तो त्याच चित्रपटातल्या शांत प्रसंगावरून, कुणी पत्र वाचतोय किंवा चहा ओततोय अशा ठिकाणी.

गंभीर चित्रपटांतही जाणकारांचं एकमत नाही. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या १९२८ च्या ‘जोन ऑफ आर्क’ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली, आणि १९८१ मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात जुनी प्रत सापडली. आता त्याच्या डिस्कवर २० आणि २४ असे दोन्ही वेग देतात, साधारण ९७ आणि ८१ मिनिटांचे. मला २० चा पटतो. जोनच्या गालावरून अश्रू उतरतो तेव्हा तो उतरताना दिसतो. २४ वर ओघळ तेवढा दिसतो.

वेगाखालोखाल घोटाळा रंगाचा. मूकपटांच्या प्रती बहुतांशी रंगात बुडवलेल्या असत: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळा, आगीला लाल. जर्मन दिग्दर्शक मुर्नावच्या १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या रक्तपिपासू भुताच्या चित्रपटातले रात्रीचे बाहेरचे प्रसंग चक्क दिवसा घेतलेत. निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतीत तो रक्तपिपासू भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून चालताना दिसतो, आणि सूर्यप्रकाशानं मरणारं हे भूत उन्हात मजेत फिरतंय म्हणून लोक हसतात. निळ्या प्रतीत तीच मध्यरात्र असते. या चित्रपटाची लांबी १,९६७ मीटर, म्हणजे १८ वर साधारण ९५ मिनिटं आणि २४ वर ७२. प्रत उघडण्याआधी खालचा वेळ बघा. सत्तरच्या घरात असेल तर एक तर तुकडे गळालेत, नाहीतर फिल्म जलद चालवलीय. रंगही नसेल तर ती प्रत सोडून द्या आणि दुसरी शोधा.