आधी काय झालं?

"टीचर, आधी दार वाजलं. पाऊस मागनं कळला की!"

बेळगावचा खानापूर तालुका, दुसरीचा वर्ग. फळ्यावर 'आधी, मग, शेवटी' (मागच्या बाकावर लगेच कन्नडमधून 'मोदलु, आमेले' सुरू). चिऊ-काऊच्या गोष्टीची ४ चित्रं क्रमानं लावायची होती. दार आधी वाजलं म्हणणाऱ्या या मुलीनं ढग आणि वाहून गेलेलं शेणाचं घर बाजूला सारलं. पहिलं चित्र ठेवलं, काऊ दार ठोठावतोय ते.

चूक, असं म्हणणारच होते. पण मेणाच्या घरात बसलेल्या चिऊला खरंच आधी काय कळलं?

२०१९ चा पूर सांगताना माझी आईसुद्धा पावसापासून सुरू करत नाही. 'उंबऱ्याला पाणी लागलं,' इथूनच.

वही अजून समोर आहे. बरोबरची खूण करू की फुली?