दांचीतल्या बायका

'तसला' सिनेमा बघायला एकटी गेले होते, हे आधीच सांगून टाकते. भुवया तिकडेच ठेवा!

टोकियोत निशिकासाईला आपली मंडळी खंडीभर. बरीच जणं दांचीत राहतात, आम्हीही. दांची म्हणजे मूळच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाच्या वसाहती. महामंडळ 1955 चं, आता त्याची 'यूआर' ही घरं भाड्याने देणारी संस्था झालीय. जामीनदार लागत नाही, म्हणून आपल्याला सोयीचं. साठच्या दशकात मात्र दांचीत घर लागणं म्हणजे नशीब उघडणं होतं. चकचकीत सिंक, पोलादी दार, आत फक्त नवरा-बायको. सासू नाही, शेजारीण डोकावत नाही. नवरा रात्री उशिरा घरी.

टीव्हीमुळे डबघाईला आलेल्या निक्कात्सू स्टुडिओने 1971 मध्ये 'रोमन पोर्नो' नावाची कामुक सिनेमांची मालिका सुरू केली, ते याच दारामागच्या बाईला नायिका करून. साधारण सत्तर मिनिटांचा सिनेमा, दर दहा मिनिटांनी एक शय्यादृश्य, बाकी दिग्दर्शकाची मर्जी. 1988 पर्यंत हा कारखाना चालला. तो पहिला सिनेमा इथल्या एका छोट्या थिएटरात लागला होता. माझ्यासारख्या एकेकट्या बायका बऱ्याच होत्या. कुणी खाकरलं नाही, शिट्टी तर सोडाच. शेवटची नावं संपून दिवे लागेपर्यंत एकही खुर्ची वाजली नाही. आपल्याकडे असा खेळ लावून दाखवा!

पण चिडले मी गोष्टीवर. बाईला नवऱ्याकडून काही मिळत नाही, ती बाहेर जाते, इथवर ठीक. मग शेजारीण ते हेरते आणि धमकावून तिला धंद्याला लावते. म्हणजे बाईला नुसती इच्छा झाली की तिची किंमत वसूल करायलाच हवी का? लिहिणारे पुरुष, दाखवणारे पुरुष. आपल्या लावणीतली बाई निदान राजसाला जवळ बसवून तोंडाने मागते तरी. (तीही पुरुषांनीच लिहिली, माहितीय.)

त्यावर उतारा सापडला साची हामानो या दिग्दर्शिकेत. बाईंनी शेकडो 'पिंक', म्हणजे कमी खर्चातले कामुक सिनेमे केले आणि 2001 मध्ये थेट म्हाताऱ्यांची गोष्ट काढली. वृद्ध बायकांच्या इमारतीत एक रंगेल आजोबा राहायला येतात आणि सत्तरीपुढच्या आज्या लिपस्टिक शोधू लागतात. कुणालाच शिक्षा नाही! मी मोठ्याने हसले.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला कंटाळा येतो का गं इथे?" डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईला हे विचारायला त्याला ओव्हरटाइममधून आज सवड झाली. मी म्हटलं, छे, जपानी सुधारायला जाते मी. सुधारतंयही.