‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’: पीएच.डी.साठी माहिती मिळवतानाचा माझा अनुभव

‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं, की पुढे पुढे पाकीट फोडायच्या आधीच आत काय असणार ते कळायचं. प्रबंध जमा झाला, तरी त्या वाक्याचा राग गेलेला नाही. उच्च शिक्षणावर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाची फरफट टळावी म्हणून लिहिते आहे.

माझा विषय मराठवाड्यातल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या संलग्नीकरणाचा, म्हणजे ती विद्यापीठाला जोडलेली असण्याचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं, की संलग्नीकरणाची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आणि महाविद्यालयांनी स्वायत्त व्हायचं. आमच्याकडे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ साली नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. तालुक्याच्या पोरी पदवीपर्यंत पोचल्या त्या या विद्यापीठांना जोडलेल्या गावाजवळच्या कॉलेजांमुळे. ही कॉलेजं उद्या स्वतःच्या बळावर उभी राहतील का? ते सांगायला आज तिथली किती मंजूर पदं भरलेली आहेत, किती जण तासिका तत्त्वावर शिकवतात, संलग्नीकरणासाठी कॉलेज तपासायला येणाऱ्या स्थानिक चौकशी समितीने काय शेरे मारलेत, हे हातात हवं.

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, संशोधन समितीपुढचं सादरीकरण सगळं रीतसर झालं. अडलं ते एका कार्यालयात.

आधी विभागाचं शिफारसपत्र घेऊन गेले. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘टेबल बदललंय’, ‘वरून परवानगी आणा’. वरच्यांनी पुन्हा खाली पाठवलं. मग माहिती अधिकारात अर्ज केला: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. ३० दिवसांची मुदत उलटून गेल्यावर तेच वाक्य आलं. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, की संबंधित महाविद्यालयांकडे विचारा. खरं तर माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज त्यांनीच पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या अनुदानित कॉलेजातल्या रिकाम्या जागांचा आकडा गुपित कसा काय असू शकतो?

आवक-जावकच्या टेबलावरच्या एका ताईंनी वाट दाखवली. पोचपावतीवर शिक्का मारता मारता हळूच म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही तक्ता मागताय. तक्ता इथं कुणी बनवतच नाही. फायली हायेत, फायली बघायला मागा.”

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. नसलेली माहिती गोळा करून, तक्ता बनवून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या खटल्यात म्हटलंय. असलेली कागदपत्रं बघण्याचा अधिकार मात्र कलम २(ञ) देतं. मी नवा अर्ज केला: अमुक वर्षांच्या संलग्नीकरण फायलींचं अवलोकन. त्यावरही टाळाटाळ झाली, तेव्हा पहिलं अपील केलं. सुनावणीत मी अर्ज, पोच आणि कलम, तिन्ही समोर ठेवलं. तारीख मिळाली.

फायली पुढ्यात आल्या आणि इतक्या दिवसांचा शीण उतरला. पिवळ्या नाडीने बांधलेले गठ्ठे. समितीच्या छापील नमुन्यात ‘प्राचार्य’समोर ‘प्रभारी’, ‘ग्रंथपाल’समोर आडवी रेघ, आणि खाली शेरा: ‘त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर शिफारस.’ पुढच्या वर्षीची फाईल उघडली, तिथेही तीच रेघ, तोच शेरा. त्याच्या पुढच्याही वर्षी. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण या आडव्या रेघेवर उभं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. अटी पाळल्या गेल्या की नाही हे कुणीच तपासत नसेल, तर स्वायत्तता दिल्यावर तरी कोण तपासणार? कॉलेज सुधारायचं तर आधी हा शेरा लिहून हात झटकणं बंद व्हायला हवं. हे अहवाल दरवर्षी वेबसाइटवर टाकले, तर पालकांनाही प्रवेशाआधी वाचता येतील. कायद्याचं कलम ४ तर माहिती आपणहून जाहीर करायलाच सांगतं.

बघायला जाताना वही न्या आणि हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून घ्या. ‘सगळ्याच्या प्रती द्या’ म्हटलं की प्रतीला दोन रुपयांप्रमाणे मोठा आकडा पुढे येतो आणि काम पुन्हा रेंगाळतं. पहिल्या तासाला अवलोकनाची फी नसते. मुदत उलटून गेली असेल तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट मिळते. हे तोंडी सांगू नका, अर्जातच लिहा. शिक्क्याच्या पोचेशिवाय तर काहीच देऊ नका.

हो, आणि अपिलाला स्टॅम्प २० रुपयांचा लागतो. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करा. पहिल्या अपिलानेही भागलं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, आणि आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरलाच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.