गोंगाट ऐकायला पुण्याला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमचा प्रश्न असा: मिरजेचं गाणं दाराशी असताना गिटारचा तो गोंगाट, म्हणजे नॉइज रॉक, ऐकायला पुण्या-मुंबईला कशाला जायचं? आणि ऐकायचाच, तर मोबाइल आहे की!

मोबाइलचं आधी. बास गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा. हवेत त्याची लाट आठ मीटरहून लांब, ती नखाएवढ्या स्पीकरातून कुठली निघायला? चांगला हेडफोन लावला की बरंच ऐकू येतं, हे कबूल. या संगीतात मुद्दाम उठवतात त्या शिट्टीचं, म्हणजे फीडबॅकचं, मात्र तसं नाही. गिटार अँपसमोर, म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या पेटीसमोर, धरली की स्पीकरचा आवाज तारेला हलवतो आणि तारेचं कंपन पिकअपमधून, म्हणजे ते टिपणाऱ्या गिटारवरच्या भागातून, परत स्पीकरात जातं. वादक अर्धं पाऊल सरकला की सूरच बदलतो. तो सूर त्या जागेत, त्या क्षणी घडतो.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात असा कार्यक्रम फसला तेव्हा सगळा दोष साउंडवाल्यावर गेला. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, त्यामुळे स्नेअर ड्रमचा एकेक ठोका फिरून परत येत होता. शेवटी गिटारी अँपला टेकल्या, शिट्टी उठली आणि साउंडवाल्याने मिक्सरवरचा मास्टर, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारा खटका, खाली ओढला. त्याने दुसरं काय करायचं? लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शिट्टी म्हणजे बिघाड, वेळीच आवरली नाही तर ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. स्टेजवरून खुणा झाल्यावर त्याने मास्टर झटक्यात वर नेला, तर या वेळी गाण्याचे माइक खरोखरच केकाटले. एक शिट्टी हवी होती, दुसरी नको होती, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतानाच, ठरवून घ्यायचं असतं की या तुकड्यात गाण्याचे माइक म्यूट करायचे आणि गिटारच्या चॅनेलला हात लावायचा नाही. शिवाय पडदे आणि गादीच्या खुर्च्या असलेलं नाट्यगृह घेतलं असतं, तर निम्मा घुमारा तिथेच जिरला असता.

‘हे संगीत आपलं नाही’ असं कुणी म्हटलं की पूर्वी मी तावातावाने सांगायचो की व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडचा जॉन केल त्याआधी ला मॉन्टे यंग या अमेरिकन संगीतकाराच्या मंडळीत एकच सूर लांबवत वाजवायचा. यंग १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक, आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. सगळं खरं. पण एवढ्याने कुणाला गोंगाट आवडेल? नातं सांगून कान तयार होत नाहीत. तरी सुटत नाही, तंबोऱ्याची जवारी लागून तारा झणझणल्या की तोच गोंगाट आठवतो.

जाणारच असाल तर मिक्सरजवळ उभे राहा. साउंडवाला तिथूनच ऐकून जुळवतो. अगदी पुढे अँप थेट अंगावर येतात आणि गाणारा ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने १०० डेसिबल आवाजात दिवसाकाठी १५ मिनिटंच कान सुरक्षित, म्हणून कानात घालायचे फोमचे बोळे हवेत. बोळा चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत बोटाने धरायचा. नुसता टेकवला तर काही उपयोग नाही. फोमने झांजांची धार बोथट होते. ती हवी तर फिल्टरवाले घ्या.

कान बंद करूनच ऐकायचं तर जाता कशाला, हे आता विचारालच. बास छातीत वाजतो, एवढंच सांगतो. पटत नसेल तर राहू द्या.