बोलायला कारण लागते

मी लहानपणापासून बुजरी. तरीही दुकानदाराकडे सुटे पैसे मागणे, फलाटावर ‘ही स्लो आहे की फास्ट?’ असे विचारणे किंवा बँकेत रांग कशाची आहे याची चौकशी करणे मला कधी जड गेले नाही. जीभ अडखळायची ती शेजारी बसलेल्या बाईला ‘आज उकाडा फार आहे’ एवढे साधे वाक्य म्हणताना. दोन्हीकडे माणूस अनोळखीच होता. पण एकीकडे माझ्याजवळ बोलण्याचे कारण होते आणि दुसरीकडे नव्हते. हे ध्यानात आल्यावर मी धाडस गोळा करण्याचा नाद सोडला आणि कारणे शोधू लागले.

डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलच्या महिलांच्या डब्यात असे कारण आयतेच मिळते. आत शिरलेली बाई बसलेल्यांना ओळीने ‘कुठे उतरणार?’ असे विचारत जाते, कोणी ‘घाटकोपर’ म्हणाली की ‘मग ती सीट माझी’ असे ठरून जाते, आणि तिघींच्या बाकावर चौथीला टेकायचे असेल तर ‘जरा सरकता का?’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. जन्माची लाजाळू मुलगीसुद्धा इथे चार दिवसांत बोलती होते, कारण न बोलणारीला उभ्याने प्रवास करावा लागतो. मात्र जागा मिळाली की तो प्रश्न संपतो आणि खरी अडचण सुरू होते ती पुढच्या वाक्याची. त्यासाठी मी समोरच्या बाईच्या हातात काय आहे ते पाहते. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत बसलेली कोणी दिसली की जुडी कितीला मिळाली ते विचारते. फेरीवालीने कानातल्यांचा पुठ्ठा पुढे केला की शेजारणीचे मत घेते. मत मागितलेले बहुतेकांना आवडते. (न मागता दिलेले मत मात्र फारसे कोणाला आवडत नाही, हेही याच डब्यात कळले.)

शिकागो विद्यापीठातील निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन मी याच कुतूहलापोटी वाचले. उपनगरी गाडीने कामावर जाणाऱ्या काही प्रवाशांना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना एकटे राहायला सांगितले आणि काहींना रोजच्यासारखा प्रवास करू दिला. बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक आनंदाचा झाल्याचे आढळले. पण असा प्रवास कसा होईल याचा नुसता अंदाज ज्यांना करायला सांगितला होता, त्यांना एकटे राहणेच सुखाचे होईल असे वाटले होते. सहप्रवाशांपैकी निम्मेही आपल्याशी बोलायला तयार होणार नाहीत, अशीही त्यांची समजूत होती. म्हणजे प्रत्येक जण स्वतः बोलायला राजी, आणि दुसरा मात्र राजी नाही अशी त्याची खात्री. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निष्कर्षात नाही, रचनेत आहे: त्या प्रवाशांना कोणीतरी बोलायला सांगितले होते. कारण त्यांच्या हाती ठेवले गेले आणि संकोचाचा मोठा भाग तिथेच गळून पडला असावा. आपल्या लोकलमध्ये तेच काम चौथी सीट करते.

अनोळखी माणसाला नात्याने हाक मारण्याची आपली रीतही येथे उपयोगी पडते, कारण ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हटले की पुढचे बोलणे निम्मे सोपे होते. चाळिशीतल्या बाईला ‘काकू’ म्हणण्याचा धोका मात्र मी पत्करत नाही.

एसटीचा मामला वेगळा आहे. तेथे सुरुवात करण्याचे धाडस लागतच नाही, कारण शेजारचा माणूस पहिल्याच थांब्याच्या आत ‘गाव कोणतं?’ असे विचारून मोकळा होतो. त्यात पुष्कळदा आपुलकी असते, ओळखीपाळखीचा धागा निघाला तर दोघांनाही आनंद होतो, हे खरे. पण गावानंतर आडनाव विचारले जाते आणि आडनावावरून जात ताडली जाते, तेव्हा बोलण्याचा सूर बदलल्याचेही अनेकांनी अनुभवले आहे. माझी एक मैत्रीण त्या प्रश्नाला टाळण्यासाठी एसटीत बसल्याबरोबर डोळे मिटून घेते. तिला बुजरी म्हणणे अन्यायाचे होईल. अनोळखी लोकांशी मोकळेपणाने बोलण्याचा उपदेश करणारे बहुतेक लेख हा भाग गाळतात; म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे की गाव विचारायचे, पण आडनाव समोरच्याने आपणहून सांगितले तरच ऐकायचे.

बाईमाणसाने पुरुषाशी बोलायला सुरुवात करण्याचा प्रश्नही असाच आहे. दिवसाढवळ्या, भोवती माणसे असताना आणि उतरायचे ठिकाण जवळ असताना मी बोलते. रात्रीच्या रिकाम्या डब्यात बोलत नाही आणि त्याला भित्रेपणाही मानत नाही. एकूणच सरावासाठी लहान अंतर बरे, कारण बोलणे रंगले नाही तरी स्टेशन येऊन दोघांची सुटका होते. लांबच्या गाडीत ती सोय नसल्यामुळे मी खिडकीजवळ बसले की पुस्तक मांडीवर ठेवते, म्हणजे मला थांबायचे असेल तेव्हा ते उघडता येते. आणि समोरच्याने मोबाइल हातात घेतला किंवा उत्तरे एका शब्दावर आणली, तर त्याचेही पुस्तक उघडले असे समजून मी गप्प बसते.